फॉर्मातला तो एक रकाना

या वेळी चार पत्रं अशी आली की वाचताना वाटलं चौघं एकाच बाकावर बसून लिहीत होते की काय. तीन पोरं, चौथ्या ताई इंदिरानगरच्या पण त्यांचा मुलगा अमेरिकेत. विषय एकच, पूर्वी कधीतरी नशा केली होती, आता जबाबदारीची नोकरी समोर आलीये, फॉर्ममध्ये काय लिहायचं. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेते. नवीन वाचकांसाठी सांगते, मी २९ वर्षं एका सरकारी कारखान्याच्या आस्थापना विभागात होते, नेमणुकीचे फॉर्म आणि पोलीस व्हेरिफिकेशनच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. मी वकील नाही, त्यामुळे ज्यांची केस झालेली आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर वकिलाकडे जायचंच आहे.

प्रश्न : काकू, मी सिडकोत राहतो, वय २४, मेकॅनिकल डिप्लोमा. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात सिलेक्शन झालंय. १९ वर्षांचा असताना मित्रांबरोबर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बसलो होतो, चौघांत मिळून गांजाची एक सिगरेट, पोलिसांनी पकडलं. कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला, विषय संपला. त्यानंतर कधी हात लावला नाही. आता अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती सही करून द्यायचा तो, आलाय. मामा म्हणतात सरळ 'नाही' लिही, दंड भरला म्हणजे केस मिटली, आणि पाच वर्षांपूर्वीचं कोण उकरून काढतंय. आई तर रडतेच आहे. काय करू?

उत्तर : बाळा, मामांचं तुझ्यावर प्रेम आहे म्हणूनच ते तसं म्हणतायत, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या सांगतायत.

पहिली म्हणजे दंड भरला की केस मिटली हे. सिग्नल तोडला, पावती फाडली, असं हे नसतं. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे कायद्याच्या भाषेत तू दोषी ठरलास, मग दंड पाचशे असो नाहीतर पाच हजार. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे, त्याच्या कलम २७ मध्ये सेवनाची शिक्षा आहे, गांजासारख्या पदार्थासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझी केस बहुतेक याच कलमाची असेल, पण अंदाजावर राहू नकोस, निकालाच्या कागदावर काय लिहिलंय ते बघ. आता तो फॉर्म पुन्हा उघड आणि बारा-तेरा नंबरच्या आसपासचा प्रश्न सावकाश वाच. कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं का, कोर्टाने दंड केला का, दोषी ठरवलं का, एखादी केस पेंडिंग आहे का, असे तुकडे केलेले आहेत आणि प्रत्येकापुढे होय किंवा नाही. तुझ्या बाबतीत त्यातल्या तीन तरी ठिकाणी 'होय' येतं. आणि फॉर्मच्या अगदी वर ठळक अक्षरात जी सूचना असते, जी कोणीच वाचत नाही, तिच्यात स्पष्ट म्हटलेलं असतं की खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर तीच अपात्रता धरली जाईल.

दुसरी गोष्ट, कोण उकरून काढतंय ही. अरे, उकरायला लागतच नाही. तू शहरात राहतोस म्हणजे तुझं व्हेरिफिकेशन पोलीस आयुक्तालयाकडे जाणार, आणि तुमची घटना समजा ग्रामीण हद्दीत घडलेली असली तर पूर्वी लोक म्हणायचे की या पोलीस स्टेशनचं त्या पोलीस स्टेशनला कळत नाही. आता सीसीटीएनएस आहे, देशभरातल्या पोलीस स्टेशनांचे गुन्हे एकाच कॉम्प्युटर व्यवस्थेत जातात, नाव आणि वडलांचं नाव टाकलं की निघतं.

एक प्रसंग सांगते, तो माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे एकाच भरतीत दोन मुलं लागली होती. दोघांवरही कॉलेजातल्या मारामारीची केस, दोघंही निर्दोष सुटलेले. एकाने फॉर्मला वेगळा कागद जोडून अख्खी हकीकत लिहिली होती, अक्षर गिचमिड, शुद्धलेखनाच्या चुका, पण तारखेसकट सगळं. दुसऱ्याच्या फॉर्मवर आधी 'होय' लिहून त्यावर व्हाइटनर फिरवलेला होता आणि वर 'नाही'. कागद उजेडाकडे धरला की खालचं 'होय' निळं दिसायचं. पहिल्याची फाईल वर गेली, साहेबांनी दोन प्रश्न विचारले, मंजूर झाली. दुसऱ्याची पोलीस रिपोर्ट आल्यावर थांबली आणि मग पत्र निघालं. तो मुलगा माझ्या टेबलासमोर बसला होता, टेबलाच्या कडेची सनमायका नखाने खरवडत, आणि एवढंच म्हणत होता की मॅडम केसमधून तर मी सुटलो होतो ना. सुटलाच होता. त्याला मारामारीने घालवलं नाही, त्या व्हाइटनरने घालवलं. मी आधी फॉर्म घेताना बघून त्याला बाजूला घेऊन का बोलले नाही, हे मला आजही लागतं, आणि म्हणून तुला एवढं लांबण लावून सांगतेय.

आता तुला खोटी आशा पण देणार नाही. 'होय' लिहिलं की नोकरी पक्की असं नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी अवतार सिंग खटल्यात या सगळ्या प्रकरणांची नियमावलीच घालून दिलीय. त्यात म्हटलंय की उमेदवाराने खरं सांगितलं तरी मालकाला त्याची पार्श्वभूमी तपासायचा हक्क राहतोच. पण त्याच निकालात असंही आहे की लहान वयातला किरकोळ गुन्हा असेल तर मालक आपल्या अधिकारात तो सोडून देऊ शकतो, आणि प्रत्येक वेळी पद कोणतं, गुन्हा कसला, हे तोलून बघायचं आहे, आंधळेपणाने नाव खोडायचं नाही. म्हणजे खरं लिहिलंस तर तुझ्या बाजूने बोलायला जागा आहे. १९ व्या वर्षी एक सिगरेट, नंतर पाच वर्षं काही नाही, हे कोणत्याही समजूतदार अधिकाऱ्याला सांगता येतं. 'नाही' लिहिलंस तर मात्र १९ व्या वर्षाचं कोणी बोलणारच नाही, २४ व्या वर्षी सही करून खोटं बोललास यावरच सगळं येऊन थांबेल, आणि त्याला वयाचं कारण देता येत नाही.

काम असं कर. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जाऊन निकालाची सर्टिफाईड नक्कल काढ (केस दुसऱ्या कोर्टात चालली असेल तर तिथून), नक्कलेला दिवस लागतात म्हणून उद्याच अर्ज टाक. फॉर्ममध्ये 'होय' लिही आणि वेगळ्या कागदावर पोलीस स्टेशन, गुन्हा नंबर, कलम, कोर्ट, तारीख, दंड किती भरला ते लिही, खाली चार ओळी स्वतःच्या. मित्रांवर ढकलू नकोस. 'मी ओढली होती' असं लिही. कोर्टाने दंडाऐवजी चांगल्या वर्तनाच्या बॉण्डवर सोडलं असेल तर ते वकिलाला आवर्जून दाखव, त्याचा फायदा वेगळा असतो. आणि आईला सांग की रडायचं ते फॉर्म गेल्यावर, आत्ता तिने तुझ्याबरोबर कोर्टात यावं, रांगेत बसायला सोबत होते.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही काही वर्षं अमेरिकेत होतो, मुलाचा जन्म तिकडचा, तो तिकडचाच नागरिक. आम्ही परत आलो, तो शिकायला परत गेला. आता २७ वर्षांचा आहे, कॅलिफोर्नियात एका कंपनीत संरक्षणाच्या कामावर घेतायत पण सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, लागणार म्हणे. परवा फोनवर म्हणाला की आई, मी गांजाच्या गोळ्या, त्या चॉकलेटसारख्या मिळतात त्या, तीन-चारदा खाल्ल्यात, शेवटचं दोन वर्षांपूर्वी, आणि परीक्षेच्या वेळी रूममेटच्या अॅडेरॉलच्या गोळ्या, त्या लक्ष लागावं म्हणून डॉक्टर लिहून देतात त्या, घेतल्यात. सूनबाई म्हणते तिथे दुकानात कायदेशीर मिळतं तर लिहायचं कशाला. माझी तर झोप उडालीये, तिकडे पकडतील का त्याला?

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं सांगते म्हणजे आज झोप लागेल. तिकडचा जो मोठा फॉर्म आहे, एसएफ-८६, त्याच्या २३ व्या भागात ड्रग्जचे प्रश्न आहेत आणि त्याच भागाच्या सुरुवातीला छापलेलं आहे की इथे खरं दिलेलं उत्तर पुढे कुठल्या फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही. खरं लिहिल्याबद्दल त्याला कोणी पकडून नेणार नाही. उलट जाणूनबुजून खोटं लिहिणं हाच तिथे केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा.

सूनबाईंचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये मतदान घेऊन मोठ्यांसाठी गांजा खुला केला हे खरं, पण तो राज्याचा कायदा. क्लिअरन्स देतं केंद्र सरकार, आणि केंद्राच्या कायद्यात तो आजही बेकायदा आहे, दुकानाचं बिल असलं तरी. फॉर्म मागच्या सात वर्षांचं विचारतो, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं त्यात आलंच. आणि अॅडेरॉल विसरू देऊ नका त्याला, दुसऱ्याच्या नावावरची औषधाची गोळी घेणं हेही त्याच भागात वेगळं विचारलेलं आहे, बरीच मुलं गांजाचं लिहितात आणि हे सोडतात कारण त्यांना ते ड्रग वाटतच नाही.

हे सगळं लिहिल्यावर नाकारतील का? तिकडे यासाठी २०१७ पासून लागू असलेले १३ निकष आहेत, ए ते एम अशी अक्षरं. ड्रग्जचा एच, आणि खोटेपणा, दडवादडवी वगैरेचा ई. एच मध्ये सुटकेच्या वाटा लिहूनच दिलेल्या आहेत, किती दिवस झाले, किती वेळा केलं, ती संगत सोडली का, आणि पुन्हा करणार नाही, केलं तर क्लिअरन्स काढून घ्या असं सही करून द्यायची तयारी आहे का. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या गुप्तचर खात्याच्या संचालकांनी पत्रक काढून सांगितलं की पूर्वी केलेलं गांजाचं सेवन विचारात घेतलं जाईल पण तेवढ्यावरच निर्णय होणार नाही, माणूस सबंध बघायचा. तीन-चार वेळा, दोन वर्षांपूर्वी, हे या मोजपट्टीवर फार मोठं नाही. पण आजही चालू असेल तर मात्र कायद्यानेच क्लिअरन्स देता येत नाही. म्हणून त्याला स्पष्ट विचारा, आणि तुम्ही आई म्हणून विचारा, की बाळा दोन वर्षं म्हणजे खरंच दोन वर्षं ना?

ई चं वेगळं आहे. तिथे काळ जाऊन भागत नाही, कारण खोटं फॉर्मवर सही केलेल्या दिवसाचं असतं, ताजं. आणि तपास करणारे नुसते कागद बघत नाहीत, शेजारी, जुने रूममेट, सहकारी यांना भेटतात, मुलाची स्वतःची मुलाखत होते. ज्याच्या गोळ्या घेतल्या त्या रूममेटलाच जर विचारलं तर? तो मित्रासाठी खोटं का बोलेल. या सगळ्या तपासणीचा मूळ हेतू मला पटतो, तो असा की ज्या माणसाकडे लपवण्यासारखं काही आहे त्याला दुसरा कोणीतरी त्यावरून दाबू शकतो. सगळं सांगून टाकलेल्या माणसाला कशाने दाबणार?

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. फॉर्ममध्ये परदेशातल्या नातेवाइकांची माहिती लागते, म्हणजे तुमची दोघांची, इंदिरानगरचा पत्ता वगैरे. ते वाचून घाबरू नका आणि त्याला 'आमचं नाव घालू नकोस' असं चुकूनही म्हणू नका. आईवडील भारतात असणं यात दडवण्यासारखं काहीच नाही.

प्रश्न : मी पंचवटीतला, वय २६. दोन वर्षांपूर्वी वर्षभर एमडी (मेफेड्रोन) घेत होतो. पकडलो कधीच नाही, घरच्यांनी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, आता १४ महिने क्लीन आहे. नाशिकरोडच्या सरकारी प्रेसची भरती निघाली की फॉर्म भरायचाय. मला हे सगळं सांगावं लागेल का? मी केंद्रात होतो हे कळलं तर संपलंच ना?

उत्तर : १४ महिने. आधी मला एवढंच म्हणायचंय की एमडी सोडून १४ महिने काढणं काय असतं ते मला माहितीये, आमच्या गल्लीतलं एक पोर त्यातच गेलं. २०२३ मध्ये शिंदे गावात एमडीचा कारखानाच सापडला तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला, इथल्या आयांना नाही बसला.

आता प्रश्नाचं. आपला अटेस्टेशन फॉर्म आणि वरच्या ताईंच्या मुलाचा फॉर्म यात मोठा फरक आहे. अमेरिकेचा फॉर्म 'घेतलं का' असं विचारतो, आपला 'अटक झाली का, केस झाली का' असं विचारतो. तुझ्यावर केस नाही, तर तिथे 'नाही' हेच खरं उत्तर आहे आणि ते लिहिताना हात थरथरायचं कारण नाही. अवतार सिंग निकालातच आहे की जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगणं बंधनकारक, फॉर्म मोघम असेल तर त्यावरून माणसाला दडवलं म्हणून धरता येत नाही. त्यामुळे स्वतःहून पानभर कबुली जोडायला जाऊ नकोस. पण मेडिकलच्या वेळी डॉक्टरांनी किंवा त्यांच्या कागदाने व्यसनाचं, उपचारांचं थेट विचारलं, तर तिथे खरं सांगायचं आणि केंद्राचं डिस्चार्ज पेपर, फॉलोअपची कार्डं पुढे ठेवायची. ते कागद जपून ठेव, लाजेने फाडू नकोस. उपचार घेतले याची शिक्षा कायदासुद्धा देत नाही, सेवनाची किंवा थोड्या मालाची केस असलेल्यानेसुद्धा आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळावी म्हणून त्याच १९८५ च्या कायद्यात ६४ए कलम आहे. मन डळमळलं तर १४४४६ हा सरकारचा फुकटचा नंबर आहे, रात्रीबेरात्री जुन्या मित्राला लावण्याऐवजी तो लाव.

प्रश्न : काकू, नाव छापू नका, गावही नको. मी दोन वर्षांपासून सरकारी नोकरीत आहे. गांजाची केस होती, त्यातून सुटलो, पण फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलं. परवा दुसऱ्या युनिटमधल्या एकाला याच कारणावरून काढलं. तेव्हापासून जेवण जात नाही. स्वतःहून सांगू की गप्प बसू? अर्जाचा मसुदा केलाय, सोबत पाठवतोय.

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

गप्प बस असं मी सांगणार नाही, आणि जा आणि आजच सांग असंही एका दमात सांगत नाही, कारण तुझ्या घरात चार माणसं तुझ्या पगारावर आहेत. आधी सर्व्हिस मॅटर, म्हणजे नोकरीविषयक खटले, करणाऱ्या वकिलाकडे जा, फौजदारीवाल्याकडे नाही, केसचा निकाल आणि फॉर्मची कॉपी घेऊन. त्याला दोन गोष्टी विचार. एक, तू कायम झालास की अजून प्रोबेशनवर आहेस, कारण अवतार सिंग निकालाप्रमाणे कायम झालेल्याला या कारणावरून काढायचं असेल तर खात्यांतर्गत चौकशी घ्यावीच लागते, म्हणजे तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय काढता येत नाही. दोन, तुझं काम पोलीस किंवा सुरक्षा दलातलं आहे का, कारण तिथे कोर्टं जास्त कडक वागतात, २०२२ मध्ये सीआरपीएफच्या भरतीतल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने काढून टाकणं कायम ठेवलं होतं.

पण दुसऱ्या बाजूचंही आहे. २०११ चा संदीप कुमार निकाल वकिलाला काढायला सांग. दिल्ली पोलिसांत भरती, मुलाने पहिल्या अर्जात केस लपवली आणि नंतर अटेस्टेशन फॉर्ममध्ये स्वतःच सांगितली. खात्याने नाकारलं, सुप्रीम कोर्ट त्याच्या बाजूने उभं राहिलं, म्हणालं विशीतली पोरं चुका करतात, जन्मभराचा गुन्हेगार म्हणून शिक्का मारू नका. अमेरिकेच्या नियमात तर हे लिहूनच ठेवलंय की कोणी विचारायच्या आत स्वतःहून चूक दुरुस्त केली तर ते त्याच्या बाजूने धरायचं. आपल्याकडे असं छापील वाक्य नाही, तरी समोरून नोटीस आल्यावर दिलेला खुलासा आणि आधीच आपल्या पायांनी जाऊन दिलेला अर्ज, या दोन कागदांत केवढा फरक पडतो ते मी टेबलाच्या पलीकडून बघितलंय. तू केसमधून सुटलेला आहेस, तुझी दोन वर्षांची नोकरी स्वच्छ आहे. मला स्वतःला विचारशील तर वकिलाने नाही म्हटलं नाही तर सांगून टाक, पुढची तीस वर्षं प्रत्येक बंद पाकीट बघून पोटात गोळा येणं हे फार आहे रे.

मसुदा वाचला. भाषा चांगली आहे पण तिसऱ्या ओळीत 'अनवधानाने नमूद करण्याचे राहून गेले' असं लिहिलंयस, ते काढ. अनवधानाने नव्हतं. मला लिहिलेल्या पत्रात तू खरं कारण दिलंयस, वडील नुकतेच गेले होते आणि ही नोकरी गेली तर काय या भीतीने 'नाही' लिहिलं, तेच अर्जात घाल, त्याच शब्दांत. दोन प्रती कर, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन ये.